कॉलेज फुटबॉलचा कोच होणं जास्त अवघड की एनएफएलचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत शिकायला आलेली भाचरं, त्यांचे रूममेट आणि कधीकधी इकडे मुक्कामाला आलेले त्यांचे आईबाबासुद्धा मला हा प्रश्न या ना त्या रूपात विचारतात. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, लांबुळक्या चेंडूचा, आणि एनएफएल म्हणजे त्याची व्यावसायिक लीग. मी स्वतः कोच नाही. मिडवेस्टातल्या एका फुटबॉलवेड्या सरकारी विद्यापीठात एमएस केलं, तिथे दोन सत्रं टीए, म्हणजे प्राध्यापकांचा मदतनीस, होतो, आणि तेव्हापासून माझे शरदातले शनिवार-रविवार गेले ते गेलेच.

एका वाक्यात सांगा, कुणाचं काम जास्त अवघड?

नोकरी म्हणून कॉलेजची, खेळ म्हणून एनएफएलचा.

एका वाक्यात एवढंच मावतं. एनएफएलच्या कोचला आठवडाभर एकच घोर असतो, रविवारचा सामना कसा काढायचा. तो घोर जीवघेणा असतो, कारण समोरचाही तितक्याच तयारीचा. कॉलेजच्या कोचला शनिवारचा सामना असतोच, पण तो त्याच्या दहा कामांपैकी एक, आणि बाकीच्या नवांना फुटबॉल म्हणावं का हा प्रश्नच आहे.

दोन्हीकडचं गणित कसं असतं?

एनएफएलमध्ये ३२ संघ. प्रत्येकाकडे ५३ खेळाडू, शिवाय सरावापुरते ठेवलेले साधारण १६. २०२१पासून साखळीत १७ सामने. खेळाडूंच्या पगारावर वरची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप. २०२५मध्ये ती संघामागे २७.९२ कोटी डॉलर होती.

कॉलेजच्या वरच्या श्रेणीत, म्हणजे एफबीएसमध्ये, १३०च्या वर संघ. साखळीत १२ सामने. वर्षानुवर्षं ८५ स्कॉलरशिपचा नियम होता; २०२५पासून कोर्टातल्या नव्या तडजोडीत (तिच्याबद्दल खाली) सामील झालेल्या विद्यापीठांना संघातली खेळाडूसंख्या १०५पर्यंत नेता येते. एनएफएलच्या दुप्पट पोरं, आणि त्यातली निम्मी मतदानाच्या वयाला नुकतीच पोचलेली.

कॉलेजचा कोच मग दिवसभर करतो तरी काय?

सगळ्यात आधी रिक्रूटिंग, म्हणजे खेळाडूंची भरती. एनएफएलमध्ये खेळाडू ड्राफ्टमधून येतात. आधीच्या वर्षी जो संघ तळाला, त्याला निवडीचा पहिला मान, सात फेऱ्या, आणि ज्याला निवडलं त्याला दुसरीकडे जाता येत नाही. कॉलेजात तसं काही नाही. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या पोराला पटवावं लागतं. त्याच्या गावी जायचं, शाळेच्या कोचला भेटायचं, घरी जाऊन सोफ्यावर बसायचं, आजीने केलेला पदार्थ दोनदा वाढून घ्यायचा आणि आईला सांगायचं की तुमचं लेकरू माझ्याकडे सुखरूप राहील. आपल्याकडच्या स्थळ बघण्यासारखंच, फक्त एकाच वर्षात वीस-पंचवीस स्थळं जमवायची, आणि प्रत्येक घरात तुमच्या आधी आणखी चार जण येऊन गेलेले. बरं, नवी भरती डिसेंबरात सह्या करत असताना पुढच्या दोन वर्षांची भरतीही डोक्यात सुरू असते.

मग देणगीदार. माजी विद्यार्थी, ट्रस्टी, गावातला गाड्यांचा डीलर, सगळ्यांना कोचसोबत जेवायचं असतं, आणि पैसे त्यांच्याच खिशातून यायचे असल्याने नाही म्हणता येत नाही.

मग अभ्यास. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार खेळाडूने पदवीच्या दिशेने ठरावीक प्रगती केली नाही, तर तो खेळायला अपात्र ठरतो. हे मी जवळून पाहिलंय. स्टॅटिक्सच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या स्थितिशास्त्राच्या, वर्गाला टीए होतो तेव्हा सकाळी आठच्या तासाला एक मध्यमवयीन गृहस्थ मागच्या दारातून यायचे, हातात क्लिपबोर्ड. काही न बोलता उभे राहायचे, तिसऱ्या रांगेतल्या दोन धिप्पाड पोरांकडे बघायचे, दोन खुणा करायचे आणि पुढच्या वर्गाकडे निघून जायचे. मला वाटलं इमारतीच्या देखभालीचे असतील. नंतर कळलं, खेळाडू वर्गात आलाय की नाही हे बघणं हेच त्यांचं काम! दर काही आठवड्यांनी त्या दोघांसाठी प्रगतीचा फॉर्म भरून द्यावा लागायचा. एकदा मी एकाच्या नावापुढे ‘गृहपाठ दिलेला नाही’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सव्वासहा फुटी ते पोर माझ्या टेबलापुढे येऊन अगदी बारीक आवाजात म्हणालं, सर, आज रात्रीपर्यंत दिला तर चालेल का? त्याला कुणी काय ऐकवलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. हे सगळं शेवटी हेड कोचच्याच दारी जातं. एनएफएलच्या कोचला आपला खेळाडू स्टॅटिक्सच्या गणितात चुकला म्हणून कुणी फोन करत नाही.

आणि हे उरकून जो वेळ उरतो त्यालाही वेसण आहे. हंगामात खेळाडूला आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त गुंतवायचं नाही असा नियम आहे. पोरं आपण होऊन सामन्यांच्या फिल्म बघतात ते वेगळं, पण कोचला अधिकृत हिशेब २० तासांचाच.

ट्रान्सफर पोर्टल आणि एनआयएल म्हणजे काय, आणि त्याने एवढं काय बदललं?

पूर्वी खेळाडूने विद्यापीठ बदललं तर त्याला साधारण एक वर्ष बाकावर बसावं लागायचं, त्यामुळे फारसं कुणी हलत नसे. ऑक्टोबर २०१८मध्ये पोर्टल सुरू झालं. ज्याला जायचंय त्याने नाव नोंदवायचं, मग इतर विद्यापीठं त्याच्याशी बोलू शकतात. २०२१मध्ये एकदा विनाअट बदलायची मुभा मिळाली आणि २०२४पासून कितीही वेळा. त्यात १ जुलै २०२१पासून एनआयएल आलं, म्हणजे खेळाडूला स्वतःचं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी यावर पैसे कमावता येऊ लागले. आणि जून २०२५मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंच थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत.

खेळाडूंच्या बाजूने हे योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोचला कोटींत पगार आणि ज्याचे गुडघे जातात त्याला फुकट फी आणि जेवण, हे किती दिवस चालणार होतं? पण कोचच्या बाजूने बघा. एनएफएलमध्ये करार असतो. खेळाडू तीन-चार वर्षं तुमचा. कॉलेजात दर वर्षी सगळा संघच फ्री एजंट, म्हणजे कुठेही जायला मोकळा. बाहेरची पोरं आणायचीच, शिवाय आपल्या पोरांना दर हिवाळ्यात नव्याने पटवायचं. डिसेंबरात तर सगळं एकदमच अंगावर यायचं. नव्या भरतीच्या सह्या, पोर्टलची खिडकी उघडी, आणि त्याच पंधरवड्यात प्लेऑफ. डिसेंबर २०२४मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचा दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार) प्लेऑफच्या तोंडावर पोर्टलमध्ये निघून गेला, कारण थांबला असता तर दुसरीकडच्या जागा भरल्या असत्या. चूक त्याची नव्हती, कॅलेंडरची होती. २०२६पासून ती खिडकी जानेवारीत हलवली आहे.

पण पोर्टल कोचच्या सोयीचंही असेलच ना?

असतं की. इंडियाना विद्यापीठ २०२३मध्ये ३ विजय, ९ पराभव. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून तिथे आले, येताना आपले डझनभर खेळाडू घेऊन आले, आणि २०२४मध्ये ११ विजय, २ पराभव. एरवी अशी उलथापालथ करायला चार-पाच वर्षं जायची. पण यामुळे इतर कोचांची पंचाईत झाली, कारण आता देणगीदार विचारतात की त्यांना एका वर्षात जमलं, तुम्हाला का नाही?

एनएफएलमध्ये मग अवघड काय? तिथे ना अभ्यास, ना आईबाप, ना देणगीदार.

तिथे अवघड आहे ती बरोबरी. ड्राफ्ट उलट्या क्रमाने, पगाराला मर्यादा, सगळी रचनाच कुणी फार पुढे जाऊ नये अशी. अलाबामा किंवा ओहायो स्टेटच्या कोचला वर्षातले पाच-सहा सामने असे मिळतात की राखीव खेळाडू उतरवूनही जिंकता येतील. लहान विद्यापीठं तर मोठ्यांच्या मैदानावर मार खायला येतात आणि त्याचे पैसे घेऊन जातात. एनएफएलमध्ये असा एकही रविवार नसतो. तुमची नवी चाल पहिल्या सामन्यात चालली, तर पुढच्या आठवड्यात ३१ संघांच्या माणसांनी ती फिल्मवर शंभरदा बघितलेली असते.

दुसरं, खेळाडू निवडायचा अधिकार बहुतेक ठिकाणी जनरल मॅनेजरचा. कोच बिल पार्सेल्स १९९७मध्ये पेट्रियट्स हा संघ सोडताना म्हणाले होते की माझ्याकडून स्वयंपाक करून घेता, तर बाजारहाटही थोडी मला करू द्या. शब्द तंतोतंत हेच नव्हते, पण आशय हाच.

तिसरं, क्वार्टरबॅक. चांगला क्वार्टरबॅक नसेल तर एनएफएलमध्ये कोचची हुशारी फार लांब जात नाही, आणि चांगले क्वार्टरबॅक ३२ संघांना पुरतील इतके कधीच नसतात. २००६मध्ये मायामी डॉल्फिन्सला ड्रू ब्रीस घेता आला असता. त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, संघाच्या डॉक्टरांना भरवसा वाटेना, म्हणून डाँटे कलपेपरला घेतलं. ब्रीस न्यू ऑर्लिन्सला गेला आणि २००९च्या हंगामाचा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. त्या वेळी डॉल्फिन्सचे कोच होते निक सेबन. दोन हंगामांत १५ विजय, १७ पराभव, आणि ते अलाबामाला निघून गेले. तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. लुइझियाना स्टेटचं आधीचं एक धरून सात. माणूस तोच, मेहनत तीच. कॉलेजात एका खेळाडूबाबत डॉक्टर नको म्हणाले तर त्याच्यासारखे आणखी तीन रांगेत आणता येतात. एनएफएलमध्ये तो एक गेला की गेला.

चौथं, सरावावरच मर्यादा. २०११च्या करारापासून संपूर्ण साखळीत पॅड घालून फक्त १४ सराव घेता येतात.

मैदानावरच्या नियमांतही फरक आहे का?

आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. मैदानाच्या मधल्या हॅश खुणांच्या दोन ओळी (प्रत्येक चाल यांच्यावर किंवा यांच्यामध्ये चेंडू ठेवून सुरू होते) एनएफएलमध्ये साडेअठरा फूट अंतरावर असतात, कॉलेजात ४० फूट. म्हणजे कॉलेजात चेंडू खुणेवर ठेवला की एका बाजूला प्रचंड मोकळं रान मिळतं आणि वेगवान पोराला तिकडे चेंडू दिला की निम्मं काम झालं. एनएफएलमध्ये चेंडू कायम मध्याजवळ, त्यामुळे ती मोकळी बाजूच नाही. कॉलेजात लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, पासच्या वेळी तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एक. त्यामुळे धावणार की फेकणार हे शेवटच्या क्षणाला ठरवायच्या ज्या चाली कॉलेजात लोण्यासारख्या चालतात, त्या वर गेल्यावर अडखळतात. झेल घेताना कॉलेजात एक पाय आत पुरतो, एनएफएलमध्ये दोन्ही.

कॉलेजचे दिग्गज एनएफएलमध्ये का आपटतात?

यादी लांब आहे. लू होल्ट्झ, १९७६, न्यू यॉर्क जेट्स. ३ विजय, १० पराभव, आणि एक सामना बाकी असतानाच राजीनामा. त्यांनीच पुढे १९८८मध्ये नोत्र दामला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. स्टीव्ह स्परिअर, फ्लोरिडाचे १९९६चे विजेते, वॉशिंग्टनला दोन वर्षांत १२-२०. बॉबी पेट्रिनो २००७मध्ये अटलांटाला तेरा सामने टिकले आणि खेळाडूंच्या लॉकरमध्ये चिठ्ठ्या ठेवून आर्कन्सॉला निघून गेले. अर्बन मायर, कॉलेजात तीन विजेतेपदं, २०२१मध्ये जॅक्सनव्हिलला २ विजय, ११ पराभव आणि हंगाम संपायच्या आत नारळ.

कारण माझ्या मते प्लेबुकात कमी आणि लॉकर रूममध्ये जास्त आहे. कॉलेजात कोच हा गावचा पाटील. तो म्हणेल ती पूर्वदिशा. वीस वर्षांच्या पोरावर ओरडलं तर ते दुप्पट धावतं. तिशीतला, तीन पोरांचा बाप असलेला, कोचपेक्षा जास्त कमावणारा लाइनबॅकर ओरडणं ऐकून घेत नाही. तो विचारतो, ही चाल का? उत्तर पटलं तर जीव तोडतो, नाही पटलं तर वाट बघतो, कारण त्याला ठाऊक असतं की कोच त्याच्या आधी जाणार.

दोन्हीकडे जिंकलेलं कुणीच नाही का?

कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद आणि सुपर बोल, दोन्ही हेड कोच म्हणून जिंकणारे तिघे आहेत, जिमी जॉन्सन, बॅरी स्विट्झर आणि पीट कॅरल. जॉन्सनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९८७ला मायामी विद्यापीठाला जिंकून दिलं, १९८९ला डॅलसला आले आणि पहिल्या हंगामात १ विजय, १५ पराभव. त्याच हंगामात त्यांनी संघातला सगळ्यात मोठा खेळाडू हर्शल वॉकर मिनेसोटाला देऊन टाकला आणि बदल्यात ड्राफ्टच्या निवडींचा ढीग घेतला. लोकांना वाटलं वेड लागलंय. पण कॉलेजात वर्षानुवर्षं पोरं हेरणाऱ्या माणसाला ढिगातून काय उचलायचं हे बरोबर कळत होतं. १९९२ आणि १९९३च्या हंगामांचे सुपर बोल डॅलसचे. स्विट्झर यांना नंतर तोच तयार संघ मिळाला, त्यामुळे तिघांत त्यांचं नाव मी थोडं हात आखडून घेतो.

कॅरल आधी एनएफएलमध्ये दोनदा हाकलले गेले, मग दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात नऊ वर्षं राज्य केलं, आणि सिअॅटलला जाऊन फेब्रुवारी २०१४चा सुपर बोल ४३-८ असा जिंकला. जिम हार्बॉ चौथे होऊ शकतात. जानेवारी २०२४मध्ये मिशिगनला राष्ट्रीय विजेतेपद जिंकून दिलं; त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेलेलं होतं आणि तिथे सख्ख्या भावाच्याच संघाकडून हरले.

आणि एनएफएलचे दिग्गज कॉलेजात आले तर?

ही दिशा लोक विसरतात. बिल वॉल्श यांनी सॅन फ्रान्सिस्कोला तीन सुपर बोल दिले आणि १९९२ला स्टॅनफर्डला परतले. पहिलं वर्ष १०-३, दुसरं ४-७, तिसऱ्यात तीनच विजय.

ताजं उदाहरण बिल बेलिचिक. हेड कोच म्हणून सहा सुपर बोल. डिसेंबर २०२४मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आले, जिथे त्यांचे वडील पन्नासच्या दशकात सहायक कोच होते. पहिला सामना १ सप्टेंबर २०२५, टेक्सस ख्रिश्चनविरुद्ध, घरच्या मैदानावर. ४८-१४ने हरले. हंगाम ४-८. फुटबॉल त्यांना कळत नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही. पण एनएफएलमध्ये ५३ जाणती माणसं समोर बसतात आणि सोमवारी सांगितलेलं रविवारी करून दाखवतात. इथे पोर्टलमधून आणि नव्या भरतीतून गोळा केलेली सत्तरएक नवी पोरं, एकमेकांची नावं शिकण्यापासून सुरुवात.

नोकरीची शाश्वती कुठे जास्त?

कुठेच नाही. पण कॉलेजातून काढल्यावर पैसे फार मिळतात. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३मध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा कराराप्रमाणे सुमारे ७.६ कोटी डॉलर देणं होतं. आपली कितीतरी मुलं त्या कॉलेज स्टेशनला एमएस करतात. त्यांच्या फीचा विषय त्या आठवड्यात काढू नये.

स्वतः कोच काय निवडतात?

२०२४च्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत जे झालं ते माझ्या मते सगळ्यात बोलकं आहे. १० जानेवारीला सेबन निवृत्त झाले. महिनाअखेरीस जेफ हॅफ्ली यांनी बॉस्टन कॉलेजचं हेड कोचपद सोडून ग्रीन बेच्या एनएफएल संघात डिफेन्स कोऑर्डिनेटरची, म्हणजे बचाव सांभाळणाऱ्या सहायक कोचची, जागा घेतली. फेब्रुवारीत चिप केली यूसीएलएचे हेड कोच होते ते ओहायो स्टेटला ऑफेन्स कोऑर्डिनेटर झाले. मुख्याध्यापकाने राजीनामा देऊन गणिताचा शिक्षक व्हावं तसं. मार्चमध्ये सेबन यांनी वॉशिंग्टनमधल्या एका चर्चेत सांगितलं की त्यांच्या पत्नीनेच विचारलं होतं, आता पोरांच्या आयांना फक्त पैशांशी मतलब आहे, मग आपण हे कशासाठी करतोय?

सेबन यांना कोटींनी पगार होता, तेव्हा पोरांच्या आयांनी पैसे विचारले तर बिघडलं कुठे, हा माझा शेरा. पण तिघांचा कल एकाच बाजूला होता, तो म्हणजे पटवापटवीतून सुटका.

आपल्याकडे याच्या जवळचं काही आहे?

नाही. रणजी-आयपीएल म्हणून बघू नका. आपल्याकडे विद्यापीठाच्या सामन्याला खेळाडूंचे मित्रसुद्धा येतीलच असं नाही. मिशिगनच्या मैदानात १,०७,६०१ आसनं आहेत आणि ती भरतात.

भारतात बसून बघायचं तर कधी, आणि कोचकडे बघायचं म्हणजे कुठे बघायचं?

पूर्व किनाऱ्यावर शनिवारी दुपारी बाराला सुरू होणारा कॉलेजचा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला लागतो, एनएफएलचा रविवारचा एकचा सामना साडेदहाला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की दोन्हींत एक तास मिळवायचा.

एनएफएलमध्ये कोचच्या हातातला तो मोठा, लॅमिनेट केलेला कागद बघा. चाल सांगताना तो तोंडावर धरतात, ओठ कुणी वाचू नयेत म्हणून. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये १९९४पासून रेडिओ आहे, पण प्रत्येक चाल सुरू करण्यासाठी जे उलटं घड्याळ चालतं त्यावर १५ सेकंद उरली की तो बंद होतो. तिथून पुढे क्वार्टरबॅक एकटा. कॉलेजात हा रेडिओ २०२४ला आला, मिशिगनवर खुणा चोरल्याचा आरोप होऊन गदारोळ झाल्यानंतर. तरी कडेला अजून मोठमोठे फलक दिसतील, त्यावर कार्टून, भाज्या, नटनट्यांचे फोटो. त्यातला एकच खरा असतो, बाकीचे फसवायला. फलक धरणाऱ्या पोरांकडे नीट बघा. त्यातला एखादा बाकावरचा क्वार्टरबॅक असतो, आणि जानेवारीत तो याच संघात असेल की नाही हे त्या क्षणी त्याच्या कोचलाही माहीत नसतं.